पहिला आकडा शिळा असतो

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्या पाठोपाठ मी आमच्या ऑफिसातल्या ताईंचं नाव घेतो. इथे मात्र ते लिहीत नाही. स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं त्यांना आवडत नाही. म्हणून इथे त्या नुसत्या ताई.

ताई ठाकूरद्वारच्या एका वाडीत जन्मल्या आणि अजून तिथेच राहतात. आजोबा, वडील, दोन काका, सगळे कुठल्या ना कुठल्या कचेरीत कारकून. ताई त्या घरातल्या पहिल्या इंजिनियर. मी कामाला लागलो तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून बऱ्याच पुढे गेल्या होत्या. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, टेबलावर भाजलेल्या चण्यांची वाटी, आणि स्क्रीनवरची अक्षरं इतकी मोठी की दारातून वाचता यावीत. आमचा गाळा चिंचपोकळी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लहान कारखान्यांच्या इमारतीत. शेजारी एक छापखाना होता. त्याचं मशीन सुरू झालं की आमची टेबलं हलायची आणि ताईंच्या वाटीतले चणे वाजायचे.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो, मराठी शाळेत. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मुंबईत राहायचं कुठे हा प्रश्न लालबागच्या चाळीतल्या आमच्या गावमंडळाच्या खोलीने सोडवला. ही खोली कुणा एकाची नाही, गावाची आहे. पूर्वी गिरणीत येणारी माणसं तिथे राहायची, आता माझ्यासारखी. खोलीची व्यवस्था एक आबा बघतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

"खय नोकरी मिळाली रे तुका?"

"कॉम्प्युटरच्या कंपनीत, आबा."

"दुरुस्त करतंस?"

"नाही. आमचा बॉक्स तापमान मोजतो."

"मगे डागदराकडे कामाक आसय असा सांग ना!"

त्यांच्या दृष्टीने ते फारसं चूक नव्हतं. आम्ही खरोखरच परळच्या रुग्णालयांसाठी बॉक्स बनवायचो. जेवणाच्या डब्याएवढा धातूचा एक छोटा संगणक. तो रक्तपेढीच्या फ्रिजला लावलेला असतो. आत किती थंड आहे ते तो बघत राहतो आणि आकडा वरखाली गेला की ओरडतो. त्या बॉक्समध्ये तापमान मोजणारी एक चिप आहे. चिप म्हणजे नखाएवढा काळा तुकडा. तो मोजतो, पण आपली भाषा बोलत नाही. संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात, आणि कर्नेलला प्रत्येक चिपशी बोलायला एक दुभाषा लागतो. त्या दुभाषाला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या चिपचा ड्रायव्हर ताईंनी लिहिला होता, मी शाळेत होतो तेव्हा कधीतरी.

पहिल्या आठवड्यात मी तो वाचायला घेतला आणि थक्क झालो. कॉलेजात आम्ही जे कोड लिहायचो ते परीक्षकाला दाखवण्यासाठी. हे कोड वाचताना वाटायचं, कुणीतरी शेजारी बसून सावकाश समजावून सांगतंय. ड्रायव्हरला ताईंनी आपल्या वाडीचं नाव दिलेलं होतं. पहिली आवृत्ती घरी बसून लिहिली म्हणून. आतल्या प्रत्येक कृतीची सुरुवात त्याच नावाने. वाडी वाचते, वाडी थांबते, वाडी ओरडते. मला ते फार आवडायचं.

एके दिवशी मालक ताईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ताई वर्षअखेरीला नोकरी सोडणार होत्या. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

"ताई, तुम्ही डिसेंबरात जाणार," मालक म्हणाले. "नवीन कर्नेल आला की दर वेळी तुमचा ड्रायव्हर बिघडतो आणि तुम्ही तो नीट करता. पुढे कोण करणार? हा?"

हा म्हणजे मी.

"तो शिकेल," ताई म्हणाल्या.

"शिकेल हो. पण रुग्णालयवाले मला विचारतात, तुमची एक बाई गेली की आमचा फ्रिज कोण बघणार? मुख्य कर्नेलमध्ये ड्रायव्हर गेला तर बॉक्स चालू ठेवू. नाहीतर नवीन बनवणं बंद. जुने जेवढे दिवस चालतील तेवढे चालतील."

मुख्य कर्नेलमध्ये जाण्याचा अर्थ मला ताईंनी त्या दिवशी चहा पिता पिता सांगितला. आपला ड्रायव्हर आपल्याच कपाटात ठेवला तर जगाला त्याची कल्पना नसते. कर्नेलच्या आत कुणी काही बदललं की तो मोडतो. तोच जर मुख्य कर्नेलमध्ये नांदायला गेला तर आत बदल करणाऱ्यालाच त्याची काळजी घ्यावी लागते. अट एवढीच की तिथल्या रीतीप्रमाणे राहायचं. नाव कसं ठेवायचं, आत काय असावं, काय नसावं, याचे तिथे नियम आहेत, आणि ते बघणारे लोक जगभर बसलेले आहेत. आपण आपलं काम मेलने पाठवायचं, ते सगळ्यांसमक्ष वाचतात आणि सगळ्यांसमक्ष बोलतात.

"आणि पाठवणार तू," ताई म्हणाल्या.

"मी? ताई, लिहिलंय तुम्ही."

"लिहिणाऱ्याच्या जागी माझं नाव राहीलच. पण पाठवणाऱ्याला लोक पुढे वर्षानुवर्षं विचारणार. मी तेव्हा आईच्या औषधांच्या वेळा सांभाळत असेन. तुझंच नाव सांभाळणारा म्हणून लागलेलं बरं."

मग आम्ही नियम वाचायला बसलो. पहिलाच नियम आमच्या वाडीवर आला. ड्रायव्हरला कंपनीचं, बॉक्सचं किंवा घरचं नाव द्यायचं नाही. चिपचं द्यायचं. कारण तीच चिप उद्या दुसऱ्या कुणाच्या यंत्रात असेल आणि तो माणूस चिपच्या नावानेच शोधत येईल. मी म्हटलं, आपल्याला दोन चिपा माहीत आहेत, सारख्याच, शेवटचे आकडे तेवढे वेगळे. मग शेवटच्या आकड्यांच्या जागी फुल्या टाकून पूर्ण कुटुंबाचं एकच नाव देऊ. ताईंनी चष्मा काढला.

"पुढची चिप तुला विचारून येणार आहे का?"

"म्हणजे?"

"उद्या त्याच कंपनीने त्याच आकड्यांत बसणारी, पण भलतीच वागणारी चिप काढली तर? फुल्यांमुळे तीही आपल्या नावाखाली येऊन बसेल. जी आपल्या ओळखीची आहे तिचंच नाव द्यायचं. दुसरीला आत घ्यायचं, जागा द्यायची. अजून जन्माला न आलेल्यांचं कूळ सांगायचं नाही."

मग त्यांनी फाईल उघडली, वाडीचं नाव शोधायला लावलं, त्या जागी चिपचं नाव टाकलं आणि कळ दाबली. एका क्षणात सगळी वाडी गेली. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं.

"वाडी कुठे जात नाही रे," ताई म्हणाल्या. "मला संध्याकाळी तिथेच जायचंय." आणि चण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली.

नावाचं सोपं होतं, वाटणी अवघड. ताईंच्या ड्रायव्हरमध्ये सगळं एकाच फाईलमध्ये होतं. तापमान होतं, फ्रिजचं दार उघडं आहे का ते होतं, भोंगा होता, लाल दिवा होता. कर्नेलमध्ये प्रत्येकाचं घर वेगळं असतं. दिवे दिव्यांच्या घरी, दाराचं बटण बटणांच्या घरी. मोजमापाच्या घरी फक्त मोजमाप. तापमान, विजेचा दाब, पंख्याचा वेग. मी आठवडाभर एकेक तुकडा सोडवून काढत होतो. ताई मधूनच येऊन मागे उभ्या राहायच्या. "हे मी एका फाईलमध्ये का कोंबलं माहितीये? तेव्हा मी एकटीच होते. एकट्या माणसाचं सामान एकाच ट्रंकेत असतं." स्वतःच्या कामाबद्दल इतक्या मोकळेपणाने बोलणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणखी एक नियम मला आधी कळेना. आमच्या चिपला तापमानाच्या दोन तारा जोडता येतात. एक फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, एक दारापाशी. मी त्यांना तशीच नावं दिली होती. नियम म्हणतो, तसं नाही. पहिलं तापमान, दुसरं तापमान, एवढंच. टेम्प वन, टेम्प टू. आकडासुद्धा ठरलेल्या मापात, अंशाच्या हजाराव्या भागात. कुठली तार कुठे आहे ते ड्रायव्हरने सांगायचं नाही. ज्याचं यंत्र त्याने वेगळी चिठ्ठी लावावी. मला हे कोरडं वाटलं. माणसाला समजेल असं नाव सोडून नंबर कशाला?

त्या संध्याकाळी खोलीवर शर्ट अडकवताना उत्तर समोर दिसलं. आमच्या खोलीत भिंतीला ओळीने खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीवर ऑईलपेंटने नंबर आणि त्याखाली चिकटपट्टीवर राहणाऱ्याचं नाव. माझी खुंटी दारामागची. माझ्या पट्टीखाली आधीच्याची पट्टी, तिच्याखाली त्याच्या आधीच्याची, अशी जाडी झालेली. मी आबांना विचारलं, नंबर कशाला, नुसतं नाव पुरलं असतं की.

"आणि तू गेलंस की? तुझ्या नावाची खुंटी उपटून काढू?" आबा म्हणाले. "नंबर बदलूचो नाय. माणूस बदलता, पट्टी बदलता. नंबर थयच."

दुसऱ्या दिवशी मी ताईंना खुंट्यांचं सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी छापखान्यातल्या माणसालाही बोलावून ते ऐकवलं. त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण तो म्हणाला, "बरोबर आहे, छपाईच्या अक्षरांचे खिळे पण असेच ठरलेल्या खणात ठेवायचे पूर्वी."

पॅच तयार झाला. बदल असलेल्या मेलला पॅच म्हणतात. मी तो पाठवला, आणि त्याच आठवड्यात ताईंच्या आईंची तब्येत बिघडली. ताई रजेवर गेल्या.

उत्तर आलं. मोजमापाच्या ड्रायव्हरांचं घर सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, दूरच्या देशात. त्यांनी माझा पॅच ओळ न ओळ वाचला होता. ज्याने मला कधी पाहिलं नाही, ज्याला माझ्याकडून काही मिळायचं नाही, त्याने इतकं बारकाईने वाचावं याचंच मला आश्चर्य वाटलं. प्रत्येक ओळीखाली त्यांचं छोटंसं म्हणणं होतं. आणि एका ठिकाणी फक्त प्रश्न होता. ड्रायव्हरमध्ये ताईंनी एक थांबा ठेवला होता. चिप झोपेतून उठली की पहिला आकडा लगेच घ्यायचा नाही, थोडं थांबायचं, मग घ्यायचा. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, "हे का? चिपच्या माहितीपुस्तकात याचा उल्लेख नाही."

आता आमच्या शाळेचं सांगायला हवं. शाळा चांगली होती, मास्तर जीव तोडून शिकवायचे, त्यांचे उपकार आहेतच. पण वर्गात मास्तरांनी "का?" विचारलं की त्याला उत्तर द्यायचं नसतं. "का हसलास?" "का उशीर?" "पाढा का लिहिला नाहीस?" अशा वेळी मान खाली घालायची आणि जे करत होतो ते बंद करायचं. जो उत्तर देतो तो उद्धट. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आम्ही ते हवेतूनच घेतलं होतं.

मी मान खाली घातली. थांबा काढून टाकला. बॉक्स टेबलावर चालवून पाहिला, सगळं ठीक दिसलं. नवा पॅच पाठवला आणि वर लिहिलं, "सॉरी सर, काढून टाकलं आहे. चूक लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. सॉरी."

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. "का काढलंत? मी विचारलं होतं, काढा म्हटलं नव्हतं. थांबा लागत नाही असं तुम्ही तपासलंत का? तपासलं नसेल तर मला आता तुमच्या बाकीच्या कोडचीही शंका येते."

हे सगळ्या जगाने वाचलं होतं. मला दोनच गोष्टी दिसत होत्या. ताईंचा ड्रायव्हर आता आत जाणार नाही, बॉक्स बंद होणार, आणि ते माझ्यामुळे. थांबा परत टाकावा तर पुन्हा "का" येणार, आणि त्या "का"चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन ठाकूरद्वारला गेलो.

ताईंची खोली वाडीच्या आत, देवळाच्या मागच्या बाजूला. दार उघडंच होतं. खिडकीपाशी पलंगावर त्यांच्या आई टेकून बसल्या होत्या. डोळे एकदम तल्लख.

"कुणाचा गं हा?"

"ऑफिसातला आहे, आई."

"मग रविवारी का आला?"

मी दारातच थांबलो आणि म्हणालो, "सॉरी आजी, मी नंतर येतो." चपला पुन्हा पायात घालायला वाकलोसुद्धा.

ताई पोळी लाटत होत्या. लाटणं हातात तसंच धरून त्या बाहेर आल्या. "कुठे निघालास? ती विचारतेय, रागावत नाहीये. आई, त्याचं कामात काहीतरी अडलंय, म्हणून आलाय."

"मग आत ये की," आजी म्हणाल्या. "चपला काय घालतोस? भूक लागली असेल तर आधी खा."

एवढंच. प्रश्न आला, उत्तर गेलं, मला ताट मिळालं. मी जेवता जेवता सगळं सांगितलं आणि मेल दाखवले. ताईंनी ते दोनदा वाचले. मी ओरडा खायची तयारी करून बसलो होतो, पण त्या हसायला लागल्या.

"तीन ओळींत दोन सॉरी! अरे, त्याने आईसारखं विचारलंय नुसतं. तू चपला घालून निघालास."

"पण ताई, ते चिडलेत."

"दुसऱ्यांदा चिडलेत. पहिल्यांदा चिडले नव्हते. आणि दुसऱ्यांदा बरोबर चिडलेत. मी असते तर मीही चिडले असते." मग त्या जरा गंभीर झाल्या. "ही अर्धी चूक माझी आहे. कोडमध्ये मी 'थांब' लिहिलंय. का थांब, ते कुठेच लिहिलेलं नाही. ते माझ्या डोक्यात होतं. आणि मी चालले."

त्यांनी मला ती हकिगत तेव्हा सांगितली. बॉक्स नवीन होते त्या काळात परळच्या एका रुग्णालयात वीज गेली. बॉक्स आतल्या छोट्या बॅटरीवर झोपला. वीज आली, बॉक्स उठला आणि त्याने पहिला आकडा दाखवला. उत्तम, हवा तसा थंड. तिथल्या बाईंनी तो बघितला आणि निर्धास्त होऊन पाठ फिरवली. तेवढ्यात दुसरा आकडा आला आणि भोंगा वाजला. फ्रिज मधल्या वेळात तापलेला होता. नुकसान काही झालं नाही, पण ताईंना चैन पडेना. पहिला आकडा चांगला कसा आला? शोधता शोधता कळलं की ही चिप झोपताना शेवटचा आकडा तोंडात धरून झोपते आणि उठल्यावर आधी तोच सांगते. नवीन मोजायला तिला थोडा वेळ लागतो.

"पहिला आकडा शिळा असतो," ताई म्हणाल्या. "म्हणून थांबायचं. माहितीपुस्तकात नाही ते, खरंय त्यांचं. पण तिथे नाही म्हणून खोटं नाही."

"मग हेच कळवू?"

"माझी गोष्ट कळवून काय उपयोग? दाखवायला हवं. उद्या येते मी ऑफिसला दोन तास. शेजारची बाई आईजवळ बसेल. तू येताना बर्फ आण."

सोमवारी मी लालबागच्या बाजारात गेलो. कोळीणबाईंकडे बर्फ मागितला.

"मासे नको?"

"नको मावशी, नुसता बर्फ."

"आजारी आहे काय कोण?"

"नाही, कॉम्प्युटर ठेवायचाय त्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ऐकलंस? कॉम्प्युटर खारवतोय हा!" पण बर्फ दिला, थर्माकोलच्या जुन्या खोक्यासकट. त्या खोक्याचा वास आमच्या गाळ्यात पुढे बरेच दिवस राहिला. मालक नाकाला रुमाल लावून आत यायचे आणि तसेच बाहेर जायचे.

आम्ही बॉक्स झोपवला, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बर्फात पुरला आणि जेवायला बसलो. जेवण झाल्यावर, पिशवीतून न काढता, तारेवरूनच त्याला उठवलं. थांबा नसलेला ड्रायव्हर. पहिला आकडा आला तो खोलीतल्या उकाड्याचा. बर्फात बसून बॉक्स आम्हाला सांगत होता की तिशीच्या वर तापमान आहे. दुसरा आकडा थंडगार. बॉक्स बाहेर काढून गरम होऊ दिला, पुन्हा तसंच केलं, पुन्हा तेच. मग बॉक्स परत गरम होऊ दिला, थांबा असलेला ड्रायव्हर घातला आणि त्याला झोपवून बर्फात पुरला. पहिलाच आकडा थंडगार.

ताईंनी टाळी वाजवली. एवढी वर्षं जे त्यांना ठाऊक होतं तेच बघून टाळी. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

"आता लिही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

"नाही. तुलाच विचारलंय."

"माझं इंग्रजी..."

"त्यांना इंग्रजीचा पेपर तपासायचा नाहीये. काय केलं, काय दिसलं, म्हणून काय. बस. आणि सॉरी एकच, तेही न तपासता काढलं त्याबद्दल. ते तुझं देणं आहे."

मी लिहिलं. पुसलं, पुन्हा लिहिलं. ताई मुद्दाम माझ्याकडे पाठ करून चणे खात बसल्या. थांबा आहे त्या जागी कोडमध्येही चार ओळी घातल्या. ही चिप झोपेतून उठल्यावर पहिला आकडा जुना देते, बर्फात ठेवून तपासलं आहे, माहितीपुस्तकात नाही. मग मेल पाठवला. जन्मात पहिल्यांदा मी कुणा मोठ्या माणसाच्या "का"ला पूर्ण वाक्यात उत्तर दिलं होतं.

चार दिवस काही आलं नाही. मग दोन ओळी आल्या. "मलाही इथे ही चिप मिळाली. तुम्ही म्हणता तसंच होतं. कोडमधली टीप फार उपयोगाची आहे. घेतलं."

मी ताईंना फोन केला. पलीकडून त्यांचा आवाज लांबून आला, "आई, घेतलं गं!" आणि आजींचा प्रश्न, "काय घेतलं? कितीला?"

मालकांनी शब्द पाळला. बॉक्स चालू राहिले. वर्षअखेरीला निरोपाच्या दिवशी मी हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन ताईंसाठी एक सुती साडी आणली. साड्यांतलं मला काही कळत नाही. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्या गुरूंसाठी." त्याने समजून एक साधी, जांभळ्या काठाची काढून दिली. ताईंनी ती उघडून काठावरून हात फिरवला.

"छान आहे. पण मला आणखी एक हवंय तुझ्याकडून."

"सांगा ना, ताई."

"मी गेल्यावर कधीतरी तुला कुणीतरी का विचारेल. ड्रायव्हरबद्दल. फोन करू नकोस मला. तू काय उत्तर दिलंस ते मग लिहून कळव."

कळवायला मला पावसाळा उजाडला. ते पत्र असं:

ती. ताईंना सा. न.

तुम्ही फोन करू नको म्हणालात, म्हणून लिहितो.

परळच्या सगळ्या बॉक्सवर गेल्या आठवड्यात नवा कर्नेल घातला. मी धास्तावून बसलो होतो. काहीच मोडलं नाही. मधल्या काळात कर्नेलच्या आतली कसलीशी रीत बदलली होती, आणि तिथल्या कुणीतरी आपल्या ड्रायव्हरमध्येही ती आपणहून बदलून ठेवली होती. मी त्या माणसाला ओळखत नाही. मालकांनी विचारलं, किती वेळ लागला? मी म्हटलं, काहीच नाही. त्यांना ते खरं वाटेना.

आता मुख्य गोष्ट. थंड देशातल्या एका मधमाश्या पाळणाऱ्याचा मेल आला. त्याने मधाच्या पेट्यांत तापमान मोजायचं यंत्र केलंय आणि त्यात आपलीच चिप आहे, दोघींतली दुसरी. त्याने चिपच्या नावाने शोधलं आणि त्याला आपला ड्रायव्हर सापडला. वाडीचं नाव असतं तर सापडला नसता. त्याच्याकडे टेम्प टूच्या चिठ्ठीवर "राणीजवळ" असं लिहिलंय. मी हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, आपल्या खोलीत राणी खय बसतली ता सांग.

त्याने विचारलं, "एवढा थांबा का? माझ्या चिपला कमी चालेल असं वाटतं." ताई, पहिल्या क्षणी माझं बोट खरंच त्या ओळीवर गेलं, काढायला. मग मी बर्फ आणायला गेलो. कोळीणमावशींनी ओळखलं. म्हणाल्या, कॉम्प्युटर आला परत! दोन्ही चिपा तपासल्या. त्याचं म्हणणं त्याच्या चिपपुरतं बरोबर निघालं, तिला निम्मा थांबा पुरतो. आपल्या चिपला पूर्णच लागतो. मी त्याला तसं आकड्यांसकट लिहिलं, आणि तिच्यासाठी वेगळा थांबा ठेवायचा बदल त्यालाच करून पाठवायला सांगितलं. त्याने पाठवलाय. का, ते त्याने टिपेत लिहिलंय. मी न मागता.

मेलमध्ये सॉरी एकही नव्हतं. लागलंच नाही.

मुख्य कर्नेलमधल्या फाईलमध्ये लिहिणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे. मी ते अधूनमधून उघडून बघतो. तुम्हाला आवडणार नाही, पण मी बघतो.

आजींची तब्येत कशी आहे? येत्या रविवारी यायचा विचार आहे. का आला, असं त्यांनी विचारलं तर तुम्ही काही सांगू नका. या वेळी मीच सांगेन.

आपला आज्ञाधारक, पण आता जरा कमी.